वाळू शिजवणाऱ्या कुकरची कैफियत

मित्रांनो, मी कुकर आहे. जुना म्हणालात तरी मला राग नाही, वय झालंच आहे माझं. पण कुणी 'नासका' म्हणालं की माझं डोकं तापतं, आणि माझं डोकं तापलं की साऱ्या घराला कळतं. हा शब्द मला एकदा एका फार शिकलेल्या माणसाने लावला होता. तोही माझा काडीचा दोष नसताना! ते सगळं आज सांगून टाकतो. माझ्या अपमानाची गोष्ट त्यात आहेच, पण खरी गोष्ट आहे एका सोयाबीनच्या वाणाची आणि एका जिवाणूची. त्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि पटत नाही हे माणसांना ऐकायचं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्र्याची एक गोल चकती, तिच्यावर यंत्राचा दणका, आणि मी खोलगट झालो. मग मला वाफ भरून तपासलं. जे त्या वाफेला टिकले नाहीत ते पुन्हा वितळायला गेले. मी टिकलो. तेव्हापासून मला जरा घमेंड आहे, हे कबूल करतो.

दुकानातून मला आईने आणलं. ही माझी आई नव्हे, त्या घरातली आई. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून तिने सगळ्यात मोठा कुकर निवडला. बटाटे, तांदूळ, कडधान्यं, सगळं माझ्याच पोटात शिजायचं. माझी शिट्टी झाली की मुलं हात धुवायला पळायची. आईला माझा आवाज असा पाठ होता की दुसऱ्या खोलीतून म्हणायची, "आज कुरकुरतोय, पाणी कमी पडलं वाटतं." आणि खरंच कमी पडलेलं असायचं.

मग घर हळूहळू रिकामं झालं. आईचे यजमान गेले, थोरला मुलगा परगावी राहायला गेला. उरल्या दोघी, आई आणि धाकटी मुलगी. दोघींना एवढं मोठं धूड कशाला? छोटा चकचकीत कुकर आला आणि मी माळ्यावर गेलो, जुन्या गादीच्या शेजारी. ज्याच्या आवाजावर घर जेवायला बसायचं, त्याच्या पोटात आता कोळ्याने जाळं विणलं होतं. वाईट वाटायचं हो. भांड्यालाही वाटतं.

त्या धाकट्या मुलीला बाहेर सगळे 'ताई' म्हणत. मीही तेच म्हणतो. ताई एका संशोधन केंद्रात सोयाबीनवर काम करायची. एक दिवस ती कामावरून आली, स्टुलावर चढली आणि तिने मला खाली ओढलं. केंद्रातलं जंतू मारायचं वाफेचं मोठं यंत्र बंद पडलं होतं, आणि दुरुस्तीवाला रोज 'उद्या येतो' म्हणत होता.

आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या कुकरात काय शिजवणार आहेस?"

"वाळू."

"काय?"

"वाळू गं आई. कुंड्यांसाठी. तिच्यातले सगळे जिवाणू मरायला हवेत."

"बरं झालं सांगितलंस. मी पानं घ्यायला निघाले होते!"

असं म्हणाली खरी, पण तिने मला घासून लख्ख केलं आणि नवी कोरी रिंग आणून स्वतःच्या हाताने बसवली. ही रिंगची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरूनच माझ्यावर आळ आला.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. स्वयंपाकघरात मी पोटं भरायचो, केंद्राच्या काचघरात, म्हणजे रोपं वाढवायच्या काचेच्या खोलीत, माझं काम मारण्याचं. आधी मला ते आवडलं नाही. मग ताई कुंड्या भरताना स्वतःशी बोलायची ते ऐकून ऐकून मला उमगलं की हे काम कशासाठी आहे. तेवढं तुम्हालाही सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यावरून जाणार नाही.

झाडाला वाढायला नत्र लागतं. हवेत ते चिक्कार आहे, पण झाडाला ते जसंच्या तसं खाता येत नाही. ताट वाढलेलं आणि तोंडाला कुलूप, अशी गत. हे कुलूप काही जिवाणू उघडतात. ते मातीत असतात. सोयाबीनचं मूळ आणि हा जिवाणू आधी एकमेकांची ओळख पटवतात, मग मूळ त्याला आत घेतं आणि त्याच्यासाठी छोटी गोल गाठ बांधतं. जिवाणू हवेतलं नत्र झाडाला खाण्याजोगं करून देतो, झाड त्याला साखर देतं. गाठ कापली आणि आतून लाल निघाली तर समजायचं की काम चालू आहे. पांढरी निघाली तर आतला पाहुणा नुसताच खातोय.

पण मित्रांनो, कुठलाही जिवाणू कुठल्याही सोयाबीनला चालत नाही. दोघांच्या जनुकांत जे लिहिलेलं असतं त्यावर ते ठरतं. एका वाणाचं मूळ ज्याला आनंदाने घरात घेतं, त्यालाच दुसऱ्या वाणाचं मूळ चोर समजून दारातून हाकलतं. वरून दोन्ही रोपं अगदी सारखी दिसतात.

आता सरांविषयी. सर म्हणजे ताईचे गुरू. तिला रोपाच्या फुलात चिमटा कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. मोठा माणूस, शब्दाचा पक्का, पण उतावळा. सोयाबीनच्या पानांवर तांबेरा नावाचा रोग येतो, पानं गंजल्यासारखी होऊन गळतात. या रोगाला दाद न देणारा वाण तयार करण्यात सरांची सारी उमेद गेली होती. दुरून आणलेल्या एका काळ्या, बारीक दाण्याच्या सोयाबीनला तांबेरा शिवत नसे. तिचा आपल्या भरघोस वाणाशी संकर करत करत शेवटी सरांना हवं ते रोप मिळालं. त्याला काही तरी आकड्यांचं नाव होतं, पण सर त्याला 'माझी धाकटी' म्हणत. मग सगळेच म्हणू लागले.

धाकटीचं बियाणं त्या हंगामात वरच्या पठारावर जायचं होतं. तिथे धुकं फार, तांबेरा हटकून येणार, म्हणून तिथे सोयाबीन कधी कुणी पेरलंच नव्हतं. तिथले लोक सरांच्या शब्दावर विसंबून पहिल्यांदा पेरणार होते. आता जिथे सोयाबीन कधीच नव्हतं, तिथल्या मातीत त्याचा जिवाणूही नाही. म्हणून बियाण्यासोबत जिवाणूची पाकिटं द्यायची. पाकिटातला हा जिवाणू जुना, नावाजलेला. मी आपलं त्याला 'पाकिटवाला' म्हणतो. आपल्या जुन्या, भरघोस वाणाशी त्याचं मेतकूट होतं. धाकटीशी जमतं का, तेवढंच बघायचं राहिलं होतं. सरांना ती नुसती रीत वाटत होती. आणि ते तर याच पेरणीच्या सुमारास निवृत्त होणार होते.

बघायची पद्धत अशी. वाळू अशी शिजवायची की तिच्यात एकही जिवाणू जिवंत राहू नये. काही कुंड्यांत धाकटीचं बी आणि पाकिटवाला. काही कुंड्यांत नुसतं बी, जिवाणू घालायचाच नाही. या दुसऱ्यांना केंद्रातले लोक 'रिकाम्या कुंड्या' म्हणतात. उपाशी राहून पिवळं पडणं हेच त्यांचं काम. त्या हिरव्या झाल्या तर समजायचं की न बोलावलेला कुणी तरी आत घुसलाय.

ताई नेहमी वाळू छोट्या छोट्या पिशव्यांत, सैल भरायची. मधून वाफ खेळली पाहिजे ना! पण त्या दिवशी सर आले. पेरणीला दोन-अडीच महिनेच उरलेले, सरांना धीर कुठला? बाह्या सरसावल्या आणि ओढ्यावरून आणलेली ओली वाळू एकाच मोठ्या पिशवीत भरायला लागले. भरली, मुठीने दाबली, पुन्हा भरली.

ताई हळूच म्हणाली, "सर, एवढी दाबून नको. मधे वाफ पोचायची नाही."

"अगं, कुकर आहे की चेष्टा? दगड मऊ करेल हा!"

"तरी पण सर..."

"अशा पिशव्या भरत बसलीस तर पठारावरचे लोक म्हातारे होतील. लाव झाकण."

तिने झाकण लावलं. पुढे एक शब्द बोलली नाही. ज्यांनी बोट धरून शिकवलं त्यांना दोनदा कसं टोकायचं, असं तिला वाटलं असणार.

मी पेटलो. पण माझ्या पोटात काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. मोठा बटाटा घाईत उकडला की साल फुटते आणि गाभा कच्चा राहतो, अगदी तसं. वाळू बाहेरून चटका देत होती आणि आतून नुसती कोमट. मी जीव तोडून शिट्ट्या मारल्या. पण आमच्या शिट्टीचा अर्थ माणसांनी एकच ठरवून ठेवलाय, 'झालं, उतरवा.' त्यांनी मला उतरवलं.

पुढे मी काचघरातल्या फळीवर बसून होतो, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. बी उगवलं, पानं आली, कुंड्या हिरव्यागार झाल्या. सर येता-जाता पानांवरून हात फिरवायचे, गुणगुणायचे. "बघ, जमलं की नाही धाकटीचं पाकिटातल्या जिवाणूशी!" असं भेटेल त्याला सांगायचे. पठारावर निरोप गेला, बियाण्याची पोती शिवली गेली.

आणि ताई? ती रिकाम्या कुंड्यांपुढे उभी होती. त्याही हिरव्या होत्या. तिने एक रोप अलगद उपटलं, मूळ धुतलं, आणि पांढरीफटक पडली. मुळावर गाठी होत्या. एक कापली. लालबुंद!

ती रोप घेऊन सरांकडे गेली. "सर, रिकाम्या कुंड्यांतही गाठी आल्यात."

सरांनी रोपाकडे पाहिलं, मग कुंडीकडे, आणि मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "तो कुकर! तो नासका कुकर. रिंग गेली असेल त्याची, वाफ धरत नसेल."

घ्या! नाचता येईना अंगण वाकडं. मित्रांनो, तेव्हा मी थंड होतो, म्हणून वाचले ते. नाही तर तिथल्या तिथे शिट्टी छताला लावली असती.

ताई म्हणाली, "पण सर, रिकाम्या कुंड्यांतल्या गाठी जर वाळूतल्या जिवाणूच्या असतील, तर बाकीच्या कुंड्यांतल्या तरी पाकिटातल्याच कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पाकीट घातलंय की नाही आपण?"

"घातलंय, पण..."

"पण-बिण काही नाही. अशा शंका काढत बसलं तर माणसाला घास गिळता यायचा नाही. रिकाम्या बाद कर." आणि त्यांनी स्वतः त्या कुंड्या उचलल्या, काचघराच्या मागे नेल्या आणि कचऱ्याच्या ढिगावर पालथ्या केल्या. जी कुंडी आपल्याविरुद्ध बोलते तीच फेकली, की भांडण मिटलं! उरलेली हिरवी रोपं, मुळांसकट, नियमाप्रमाणे टाकण्याआधी उकळायची होती. ती माझ्यात उकळली. या वेळी ताईने सैल भरली होती, त्यामुळे काही म्हणता काही जिवंत राहिलं नाही.

मला 'नासका' ठरवल्यावर केंद्रात कोण ठेवणार? ताई मला पिशवीत घालून घरी घेऊन आली.

त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मन उडालं. ताटातला घास नुसता फिरवत बसायची. आईच्या नजरेतून ते सुटतंय होय?

"काय झालंय? बोल."

ताईने सगळं सांगितलं. आईला जनुक बिनुक कळलं नसेल, पण मुद्दा बरोबर कळला. "म्हणजे त्या पठारावरच्या लोकांचं पीक उपाशी मरेल?"

"मरेल की नाही ते मलाही ठाऊक नाही. तेच तर बघायचं होतं. आणि ते बघणंच बाद केलं सरांनी."

"मग सांग की त्यांना."

"कुठल्या तोंडाने सांगू, आई? त्यांनीच चालायला शिकवलं मला."

"चालायला तुला मी शिकवलं," आई फणकारली. "म्हणून उद्या मी खड्ड्यात पाय घालायला निघाले तर बघत बसशील?"

ताई उठली. ओट्याखालून तिने मला काढलं आणि वाळू धुवायला घेतली.

मित्रांनो, त्या दिवसांसारखे दिवस मी पाहिले नाहीत. ज्या शेगडीवर मी बटाटे उकडले तिच्यावर आता वाळू शिजत होती. छोट्या पिशव्या, सैल भरलेल्या, पुन्हा पुन्हा. सगळ्या घराला ओल्या दगडाचा वास. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "शेजारीण विचारत होती, आज काय बेत आहे?"

मग स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्या लागल्या. धाकटी आणि पाकिटवाला. जुना वाण आणि पाकिटवाला. आणि दोन्ही वाणांच्या रिकाम्या कुंड्या. आई आणि मी, दोघं दिवसभर त्यांच्यासमोर. आधी सगळी रोपं सारखीच होती, कारण बियातली शिदोरी सगळ्यांना पुरते. शिदोरी संपली आणि फरक दिसायला लागला.

जुना वाण आणि पाकिटवाला यांची कुंडी काळपट हिरवी होऊ लागली. रिकाम्या कुंड्या पिवळ्या पडल्या, त्यांनी पडायचंच होतं. आणि धाकटी? तिच्या कुंडीत पाकिटवाला घातलेला होता, तरी ती रिकाम्या कुंड्यांच्या बरोबरीने पिवळी पडत गेली. खालची पानं आधी, मग वरची.

आईला बघवेना. एकदा तांदळाचं धुवण घेऊन ती तिच्याकडे निघाली, तेवढ्यात ताई ओरडली, "आई, थेंबसुद्धा घालू नकोस!"

"अगं, उपाशी आहे ती!"

"उपाशी राहते का, हेच बघायचंय."

"कसला मेला अभ्यास! लेकराला उपाशी ठेवून बघायचा." आई रुसून बसली. पण धुवण तिने मोरीत ओतलं.

शेवटी ताईने धाकटीचं एक रोप उपटलं. मूळ नळाखाली धरलं. त्याच्यावर एकही गाठ नव्हती. नुसतं धुतल्या दोऱ्यासारखं मूळ. ताई तिथेच ओट्याला टेकली आणि रडली. आपलंच खरं ठरलं याचा आनंद तिला कणभर झाला नाही.

नंतर तिने आईला सांगितलं ते मी ऐकलं. काळ्या दाण्याच्या त्या सोयाबीनकडून तांबेऱ्याशी लढणारं जनुक धाकटीत आलं, तेव्हा त्याच्या शेजारचं आणखी एक जनुक बोट धरून आलं. ते मुळाच्या दारावर राखणदारासारखं उभं राहतं. पाकिटवाल्याला ते शत्रू समजतं आणि आत येऊ देत नाही. राखणदार इमानी, पण त्याला पाहुणा ओळखता येत नाही. "हे कुणाच्याच लक्षात आलं नाही," ताई म्हणाली, "कारण आमच्या शेतात नत्राचं खत भरपूर पडतं. तिथे ती हिरवीच दिसायची."

तिने सरांना घरी बोलावलं. सर आले ते खुशीत. "बियाणं पोचलं पठारावर! परवा पेरणी," दारातूनच म्हणाले. आणि मग खिडकीत त्यांची नजर गेली.

"हे काय? घरी प्रयोग? आणि तोही त्या कुकरात?"

आई पुढे झाली. "सर, त्याची रिंग मी स्वतः बसवलीय. पाणी घालून शेगडीवर ठेवते, वाफ कुठून जाते ते दाखवा."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्या माउलीचा जन्मभर ऋणी आहे.

सरांनी धाकटीचं एक रोप उपटलं, नळाखाली धुतलं, उजेडात धरून फिरवलं. दुसरं उपटलं. तिसरं. मग जुन्या वाणाचं. त्याची मुळं गाठींनी लगडलेली. एक गाठ त्यांनी नखाने फोडली, नख लाल झालं.

"हे बी धाकटीचंच ना? कुठे अदलाबदल नाही ना झाली?"

"तुम्हीच ओळखा, सर."

त्यांनी ते पिवळं रोप डोळ्यांजवळ नेलं. पानाचा आकार पाहिला, खोडावरची लव बोटाने चाचपली. "माझीच आहे," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

मग म्हणाले, "वाळू मी दाबून भरली होती."

"हो, सर."

"तू म्हणाली होतीस, नको म्हणून."

"हो."

"मग ओरडली का नाहीस गं?"

ताईने मान खाली घातली.

सरांनी खिशातून फोन काढला. नंबर ताईला लावायला सांगितला, आणि फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवरच ते बोलले. म्हणून पलीकडचंही मला ऐकू आलं. पलीकडे पठारावरच्या लोकांची पुढारीण होती.

"बी पेरू नका," सर म्हणाले.

"काय म्हणता साहेब? रान तयार आहे. माणसं सांगून ठेवलीत."

"पेरू नका. पाकिटातला जिवाणू या वाणाला चालत नाही. पीक पिवळं पडेल. चूक माझी आहे. मी नीट तपासलं नाही."

मग ती बाई म्हणाली, "मग आता आम्ही काय पेरायचं?"

सरांनी डोळे मिटले. "दरवर्षी पेरता तेच पेरा."

"आणि खालच्या अंगाला दोघांनी काल पेरून टाकलंय, त्यांचं काय?"

"त्यांना सांगा, मी येतोय. खत घेऊन येतो आणि त्यांचं पीक उभं राहीपर्यंत तिथेच राहतो."

फोन बंद झाला. आईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी तो हातात नुसता धरला. आणि तेव्हा ताई बोलली.

"सर, एक गोष्ट राहिली. काचघरातल्या त्या रिकाम्या कुंड्यांत लाल गाठी होत्या. त्यात पाकिटातला जिवाणू नव्हता. म्हणजे कच्च्या राहिलेल्या वाळूतला कुणी तरी जिवाणू धाकटीला चालला होता. त्याला तिने दार उघडलं होतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. धाकटीला जो हवा होता, तो तिला मिळालेला होता. लाल गाठीत बसून तो कामालाही लागला होता. आणि त्या कुंड्या त्यांनी स्वतःच्या हाताने ढिगावर पालथ्या केल्या होत्या. बाकीच्या मुळांतला तोच जिवाणू माझ्या पोटात उकळून मेला होता.

"ढीग," सर म्हणाले आणि पायांत चपला न घालताच जिन्याने उतरले. ताई त्यांच्या चपला घेऊन मागे धावली.

त्या दोघांनी तिथे काय पाहिलं ते ताईने परत आल्यावर आईला सांगितलं. काचघराच्या मागे ढीग नव्हताच. जागा झाडून स्वच्छ केली होती, कडेला चुन्याची रेघ मारली होती, खाली जंतुनाशक शिंपडलं होतं. सरांच्या निरोप समारंभाची तयारी चालली होती ना! कचरा तर केव्हाच गाडीतून गेला होता. सर त्या स्वच्छ जागेवर उभे राहिले आणि म्हणाले, "किती छान साफ केलंय."

त्या गोष्टीला आता काही हंगाम उलटले. सर पठारावर गेले, खत दिलं, त्या दोघांचं पीक कसंबसं उभं केलं आणि मगच परतले. निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. ओढ्याला पूर येऊन ती जुनी वाळू वाहून गेली. नव्या वाळूत ते आणि ताई तोच जिवाणू शोधतायत. ओढ्याच्या काठची, बांधाखालची, कुठली कुठली माती आणतात, तिच्यात धाकटी लावतात, गाठी कापून बघतात. शेतात तर जिकडे तिकडे पाकिटवाल्याचीच वस्ती झालीय. ओढ्याकाठी गाठी मिळतात, पण अजून आतून पांढऱ्याच निघतात. मी आता आमच्या घरी ओट्याखाली कायमचा कामाला आहे. वाळू शिजवतो, रिकाम्या कुंड्या भरतो. त्या कुंड्यांना आता कुणी हात लावत नाही. सर स्वतः त्यांना पाणी घालतात.

दर पेरणीआधी पठारावरून फोन येतो. "यंदा तरी पाठवता का?" सर आधी ताईकडे बघतात. ताई मान हलवते. "नाही," सर म्हणतात, "यंदाही नाही." फोन ठेवल्यावर ते फार म्हातारे दिसतात. मला तेव्हा त्यांचा राग येत नाही. 'नासका' म्हणाले होते ते मी कधीच सोडून दिलंय.

मित्रांनो, कुठलाही कुकर तुमच्याकडे मागेल तेच मीही मागतो. रिंग वेळेवर बदला, मला कोरडा पुसून ठेवा, आणि पोटात कोंबून भरू नका. पण माझी एक मागणी जास्तीची आहे. तुमच्या शेजारी उभं असलेलं कुणी हळू आवाजात 'असं नको' म्हणालं, तर तेव्हाच थांबा. त्याला ओरडायला लावू नका. ओरडणं हे माझं काम आहे.